बरणीचे चार तुकडे

उमरटेक, सोमवार, ७ जानेवारी १९७४

तंबू लागले. चार वर्षांनी पुन्हा हेच टेकाड. गावचे लोक याला पांढरी म्हणतात. चारी बाजूंनी काळी माती आणि मध्येच हा राखट उंचवटा, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा. १९७० साली आम्ही इथे तीन महिने खोदलं होतं. मजुरांचे मुकादम तेव्हाचेच, नत्थूजी. ते भेटले तेव्हा बरं वाटलं.

सोनटक्के सर जूनमध्ये निवृत्त होतात, म्हणजे हा त्यांचा शेवटचा हंगाम. उमरटेकच्या उत्खननाचा अहवाल त्यांच्या हातून निघेल आणि त्यातलं खापरांचं प्रकरण माझ्या हातून. सर तसं १९७० सालीच म्हणाले होते. संशोधन मंडळात मी आरेखक म्हणून लागलो, हुद्दा अजून तोच आहे. पण चौदा वर्षांत एक खापर माझ्या बोटांखालून गेल्याशिवाय मंडळाच्या कपाटात गेलेलं नाही. छापील पानावर 'आनंदराव लांजेवार' एवढं दिसलं की मला दुसरं काही नको.

यंदा मंडळानं एक नवी बाई दिली आहे. कुमारी गोपिका वझलवार. मूळची नागपूरच्याच महाल भागातली, पण दोन वर्षं पुण्याला शिकून आली म्हणून बोलते अशी, की नागपूर जणू नकाशावरच पाहिलंय. वय पंचवीस असेल. जीपमधून उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "काका, माझी ट्रंक जरा धराल का?"

माझं वय त्रेचाळीस आहे. काका!

ट्रंक धरली.

शुक्रवार, ११ जानेवारी

खापर-अंगण आखून झालं. चुन्याच्या रेघांचे चौकोन, एका चौकोनात एका चरातल्या एका थराची खापरं. टोपली आली की धुवायची, वाळवायची, पसरायची. मग मी बसतो. काठ, बूड आणि नक्षीचे तुकडे ठेवायचे, त्यांच्यावर शाईनं नंबर घालायचा. भांड्याच्या पोटाचे साधे तुकडे मोजायचे, नोंदवहीत लिहायचे आणि हंगामाच्या शेवटी टाकाऊ म्हणून पुरून टाकायचे. पाहणाऱ्याला वाटतं बाई तांदूळ निवडते आहे. निवडून दाखवा म्हणावं.

सरांनी स्वतःची घडीची खुर्ची गोपिकाबाईंना दिली. स्वतः पेटीवर बसले. मी तर चौदा वर्षं पोत्यावर बसतोय.

सोमवार, १४ जानेवारी

तिळगूळ. सरांनी सगळ्यांना एकेक वडी दिली, तिला दोन. दुसरी तिनं मला आणून दिली. माझा दात दुखतो म्हणून सांगितलं.

बुधवार, २३ जानेवारी

दक्षिण उतारावरचा चर तिला द्या, असं मीच सरांना सुचवलं होतं. तिथं काही निघणार नाही याची मला खात्री होती. आणि निघावं काय, तर कमरेइतक्या खोलीवर खापरांचा खच! टोपल्यांमागून टोपल्या. माझी माणसं खूश, कारण तिची खापरं धुवायला कष्टच नाहीत, नुसता हात फिरवला की स्वच्छ. एकेकाचं नशीब असतं.

पण माल पाहावा तर सगळे पोटाचे तुकडे. हजारभर तुकड्यांत एक काठ नाही, एक बूड नाही. मी सरांच्या देखत म्हणालो, "हा नुसता कचरा आहे."

ती म्हणाली, "कचराच असेल. पण जुन्या लोकांचा कचऱ्याचा खड्डा असेल ना, काका?"

सर म्हणाले, "शक्य आहे."

शक्य आहे म्हणे. मी असं काही बोललो असतो तर सरांनी चार प्रश्न विचारले असते.

मंगळवार, २९ जानेवारी

आज लिहायचं मन नाही. पण लिहून ठेवतो.

तिच्या त्या खड्ड्यातून काल चार तुकडे आले. काळे, गुळगुळीत, वरून चुनखडीचं पांढरं कवच चढलेले. मी हातात घेतले आणि लगेच सांगितलं की लोणच्याच्या बरणीचे आहेत. उतारावरची काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते, वर पडलेलं बटणसुद्धा भेगेतून पुरुषभर खाली जातं, हेही समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पाण्यात थोडं अॅसिड घालून तुकडे त्यात बुडवले.

चुना फसफसत गेला. खालून तांबूस मातीवर काळ्या रंगात घोड्याचे मागचे पाय निघाले. दुसऱ्यावर रथाच्या चाकाचा तुकडा, आऱ्यांसकट. तिसऱ्यावर दाढीवाल्या माणसाची हनुवटी आणि खांदा, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या सुईनं कोरलेल्या. चौथ्यावर चौकोनी वळणांची किनार.

रेघ काय आहे ती! मी जन्मभर रेघा ओढत आलो. घोड्याच्या घोट्यावरून खुरापर्यंत त्या माणसानं एका दमात कुंचला नेला आहे, कुठे थांबला नाही, कुठे दुरुस्ती नाही. मला तशी रेघ येत नाही. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

सरांनी चारी तुकडे तळहातावर घेतले. मग म्हणाले, "हे ग्रीक आहे. यवनांच्या देशातून इथवर आलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी गोपिकेच्या डोक्यावर हात ठेवला.

नत्थूजी वाकून वाकून पाहत होते. "घोड्याचे पाय तं तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवानी दिसून राहिले," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, दिसावं म्हणून.

माझ्या डोक्यावर सरांनी कधी हात ठेवलेला नाही. मी कधी मागितला नाही, पण ठेवला नाही हे खरं आहे.

दिल्लीहून तज्ज्ञ येणार आहेत, २५ फेब्रुवारीला. तोवर त्या खड्ड्याला कोणी हात लावायचा नाही, असं सरांनी सांगितलं.

नागपूर, रविवार, ३ फेब्रुवारी

सुटीला घरी आलो. रुख्मिणीनं पेपर पुढे केला. "अजी, तुमच्या कॅम्पातल्या पोरीचा फोटो आला पाहा. चांगली दिसते पोरगी."

"फोटोत सगळेच चांगले दिसतेत."

"तुमी काहून जळून राहिले?"

"मी काहून जळू वं? खापराचा काठ कसा धरायचा ते तिले मी शिकवलं."

"मंग तं तुमचंच नाव झालं ना, बाप्पा."

या बाईला काही समजत नाही. वरण खारट झालं होतं. दोनदा घेतलं.

उमरटेक, शनिवार, ९ फेब्रुवारी

सरांनी सकाळी तंबूत बोलावलं. ती तिथं नव्हती, एवढी तरी लाज राखली.

"आनंदराव, खापरांचं प्रकरण गोपिकेला लिहू द्यावं म्हणतो. या तुकड्यांमुळे ते आता बाहेरच्या देशांत वाचलं जाईल. तिला ते इंग्रजीत मांडता येईल. चित्रं अर्थात तुमची."

अर्थात!

"बरं सर," म्हणालो. चौदा वर्षांत मी सरांना दुसरं काही म्हणालेलो नाही. मग अंगणात येऊन बसलो आणि पुढ्यातली खापरं नुसती इकडची तिकडे करत राहिलो. दुपारी ती आली. म्हणाली, "काका, मला तुमच्याशी बोलायचंय. प्रकरणाबद्दल." मला काम आहे म्हणून सांगितलं. तिला बहुधा माझ्याकडून शाबासकी हवी असावी.

माझ्या मनात काय येतं ते लिहितो. त्या तज्ज्ञानं यावं, तुकडे पाहावेत आणि हसावं. तिच्यासमोर हसावं. सरांनी ते पाहावं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी, दुपार

आज मी फार आनंदात आहे!

सकाळी तिच्या खड्ड्यातल्या खापरांची मोजणी करत होतो. हजार, दोन हजार, अडीच हजार. एकही काठ नाही. हे मी जानेवारीतच पाहिलं होतं, पण आज ते डोक्यात शिरलं. घरातला माणूस फुटका माठ फेकतो तो काठासकट फेकतो. काठ आणि बूड वेगळं काढून नुसतं पोट फेकणारी जात जगात एकच, ती म्हणजे आमची. आणि ती खापरं धुवायला सोपी का? तर ती आधीच धुतलेली आहेत!

नत्थूजींना बाजूला घेतलं. "नत्थूजी, सत्तर साली आपण टाकाऊ खापरं कुठं पुरली होती?"

"परसाच्या झाडापासून वीस पावलं, साहेब."

"अन् तो पळस कुठं हाय?"

"तो तं तोडला ना खळ्यासाठी. तवाच तं मले काही उमजून नाही राहिलं." त्यांनी पावलं टाकली आणि खळ्याच्या कडेवरून थेट तिच्या चरात जाऊन उभे राहिले.

चार पावसाळ्यांत काळ्या मातीनं खड्ड्याच्या कडा अशा बुजवून टाकल्या की शिकलेल्या बाईलाही दिसल्या नाहीत. आणि सत्तरच्या नकाशात हा खड्डा कोणी दाखवलेलाच नव्हता. ती जेवायला गेली तेव्हा मी खाली उतरलो. हात लावू नये असं सर म्हणाले होते, तरी लावला. चाकूनं तळ गाठला. पुरताना तळाशी चालू सालाचं नाणं टाकायची आमची रीत आहे, पुढे कोणी खोदलं तर त्याला कळावं की हे आधी उकरलेलं आहे. नाणं सापडलं. पाच पैशांचं, चौकोनी, १९७०.

धावतच गेलो. सर, ती, नत्थूजी आणि दहाबारा मजूर, सगळ्यांसमोर नाणं सरांच्या तळहातावर ठेवलं. म्हणालो, "सर, हा जुना खड्डा नाही. हा आपल्याच सत्तरच्या टाकाऊचा खड्डा आहे! त्या ग्रीक तुकड्यांना थर नाही, काळ नाही, काही नाही. दिल्लीवाल्यांना दाखवणार काय?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुणं कुठल्या कुठे गेलं. "असं कसं होऊन राहिलं?" एवढंच म्हणाली.

तो चेहरा पाहून मला किती बरं वाटलं, ते लिहायलाही हवं.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच

सरांनी नाणं उलटंसुलटं केलं. मग हळूच विचारलं, "आनंदराव, सत्तर साली टाकाऊ कोणी निवडलं होतं?"



मजूर ऐकत होते. नत्थूजी खाली पाहत होते. मी म्हणालो, "मी, सर."

तेवढा विचार मी केला नव्हता. देवाशपथ केला नव्हता. नाणं हातात आलं तेव्हा मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. तुकडे खड्ड्यात गेले ते माझ्या हातून. चार वर्षांपूर्वी मी ग्रीक घोडा बोटांत धरला आणि टाकाऊच्या ढिगात फेकला. आणि परवा पुन्हा धरला तेव्हाही बरणीच म्हणालो.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

ती रडली असेल असं वाटलं होतं. सकाळी आली ती डोळे कोरडे घेऊन. "काका, तुम्ही टाकाऊचीसुद्धा नोंद करता ना? चर, थर, संख्या? सत्तरची नोंदवही असेल तर तुकड्यांना थर परत मिळेल."

खरं आहे. तुकडे याच टेकाडातले आहेत, फक्त कुठल्या थरातले ते हरवलंय. ते फक्त माझ्या वहीत असणार.

"घरी ट्रंकेत असेल," मी म्हणालो. "वाळवी लागली नसेल तर."

वाळवीचं तोंडातून कसं निघालं कोण जाणे. आमच्या घरात वाळवी नाही.

नागपूर, लकडगंज, रविवार, १७ फेब्रुवारी

वही मिळाली. अक्षर माझंच, सुवाच्य. ११ मार्च १९७०. चर ब, थर ५. पोटाचे तुकडे २१४. त्याखाली, 'चुना चढलेली काळी बरणी, अर्वाचीन, तुकडे ४. टाकले.'

थर पाच! आहत नाण्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या नाण्यांचा थर तो. याहून चांगला थर त्या तुकड्यांना सापडला नसता. वही दिली की गोपिकाबाई पूर्वीपेक्षा दुप्पट मोठ्या होणार, आणि लोणच्याची बरणी म्हणणाऱ्या आनंदराव लांजेवाराचं जन्माचं हसं होणार.

आणि पानाच्या कडेला सरांची सही. प्रत्येक पान ते तपासून सही करत. म्हणजे हे तुकडे टाकताना सरांनीही पाहिले होते. मी एकटा नाही! आधी जीव भांड्यात पडला. मग वाटलं, दिल्लीवाल्यांसमोर ही सही दिसली तर शेवटच्या हंगामात सरांचं काय राहणार?

शेगडी पेटलेली होती. पान फाडायला किती वेळ लागतो? सरांची अब्रू वाचवायला जाळतोय, असं स्वतःला सांगता आलं असतं. सांगून पाहिलंही. पण ते खरं नाही. माझी फजिती मी सोसली असती, सरांनाही सरांची सोसता आली असती. मला फक्त तिचं भलं व्हायला नको होतं.

रुख्मिणी चहा ठेवायला आली. वही, शेगडी आणि मी, तिन्हींकडे पाहिलं. काल तिला सगळं सांगितलंच होतं.

"जाळता काय?"

"काय माहीत वं."

"जाळा. मंग जून महिन्यात सरांच्या पाया पडाले जाल तवा कोनतं तोंड घेऊन जाल, ते बी मले सांगून ठेवा."

चहाचं आधण ठेवून निघून गेली. या बाईला काही समजत नाही असं मी परवा लिहिलं होतं. ते खोडत नाही, पान खराब होईल. पण तसं नाही.

उमरटेक, सोमवार, १८ फेब्रुवारी

वही दिली.

एसटीत कन्हानपर्यंत एक वाक्य घोकत आलो होतो. 'सर, सही तुमचीही आहे.' नम्रपणे म्हणायचं, पण म्हणायचंच. सर आणि गोपिका टेबलापाशी होते. पान उघडून ठेवलं. तिनं बोट ठेवून वाचलं, "चर ब, थर पाच!" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकदम वळून माझ्या पाया पडली. 

सरांनी चष्मा लावला. त्यांचं बोट त्यांच्या सहीवर थांबलं. मी वाक्य जुळवत होतो, तोवर तेच बोलले.

"ही माझी सही. पण आनंदराव, मी हे तुकडे पाहिले नव्हते."

"प्रत्येक पान तपासून सही व्हायची, सर."

"बाकीच्यांची व्हायची. त्यांच्या ढिगातली चार खापरं मी नेहमी उलटून पाहायचो. तुमच्या पानांवर मी चौदा वर्षं न पाहता सही केली. तुम्ही टाकलं म्हणजे ते टाकाऊच, असं धरून चाललो होतो." ते चष्मा पुसत राहिले. "चूक तुमच्याइतकीच माझी आहे. अहवालात तसं लिहीन."

घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं. महिनाभर मी खुर्ची मोजली, तिळगुळाच्या वड्या मोजल्या, कुणाच्या डोक्यावर हात ठेवला ते मोजलं. आणि सरांचा माझ्यावर केवढा विश्वास होता ते मला आज कळलं, तेही माझ्याच घोडचुकीच्या पानावर. बाहेर येऊन हौदापाशी तोंड धुतलं. नत्थूजींनी विचारलं, "धूर गेला का जी डोयात?" हो म्हणालो.

बुधवार, २७ फेब्रुवारी

दिल्लीचे तज्ज्ञ येऊन गेले. भिंगातून तासभर पाहिलं. माती इकडची नाही आणि हात ग्रीकच वाटतो, पण शेवटचा शब्द बाहेरच्या लोकांना फोटो दाखवून, असं म्हणाले. नोंदवहीचं पान त्यांनी फोटोसाठी मागून घेतलं. बरणी वाचून हसले. तिच्यासमोर, सरांसमोर. हसणारा हवा म्हणून मीच मनात धरलं होतं ना, घ्या.

प्रकरणावर दोघांची नावं असावीत, असं तिनं सरांना सांगितलं. आजचं नाही, ९ तारखेलाच सांगितलं होतं म्हणे, त्याच दुपारी मला कळवायला आली होती. आधी कुणाचं, असं मी लगेच विचारलं. माझी जीभ मेली ऐकत नाही. ती म्हणाली, "अक्षरांच्या क्रमानं लावू. आधी लांजेवार, मग वझलवार." यात रागवण्यासारखं काही नव्हतं, तरी थोडा राग आलाच. तिला सगळं इतकं सहज कसं देता येतं?

सरांनी एक गोष्ट मात्र ठरवून टाकली. पुढे मंडळात मी आणि ती असू, सर नसतील. म्हणून मला ऐकू जाईल अशाच आवाजात तिला म्हणाले, "यापुढे आनंदरावांचं टाकाऊसुद्धा पाहत जा. सगळं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आज दुपारी अंगणात बसलो. चर ड, थर ३. निवडून झालं. ती आली, पदर खोचला आणि टाकाऊच्या ढिगापाशी बसली. एक तुकडा उचलला, तसाच हातात धरून थांबली.

"काका, तुमाले वाईट वाटून राहिलं असेल तं मी नाही पाहत. नुसती सही करतो."

चौदा वर्षं कुणीतरी तेच केलं होतं.

"पाहा," मी म्हणालो.

तीनशे बारा तुकडे होते. तिनं एकेक उलटून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला. मी समोर हात बांधून बसलो होतो. एकही परत काढला नाही तिनं. मग मी वहीत आकडा लिहिला, वही तिच्याकडे सरकवली आणि तिनं सही केली.